पांढरपेशा गुन्हे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे बँका, पतसंस्था आणि कंपन्यांतील गैरव्यवहारांविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्या खटल्यांचा निकाल लागलेला नाही, त्यांतील व्यक्तींची नावे घेतलेली नाहीत. तपास यंत्रणांचे म्हणणे तेथे आरोप म्हणूनच वाचावे.

चोरी, फसवणूक, अपहार असे शब्द असताना ‘पांढरपेशा गुन्हा’ असा वेगळा वर्ग कशासाठी? ओटीपी विचारून खाते रिकामे करणारा भामटाही खुर्चीत बसूनच गुन्हा करतो. तोही यात येतो का? (एक वाचक, सातारा)

हा वर्ग प्रथम एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये एका अध्यक्षीय भाषणात मांडला. त्या काळी गुन्ह्याची कारणे दारिद्र्यात, मोडलेल्या घरांत आणि वाईट वस्त्यांत शोधली जात, आणि त्यासाठी आकडेवारी घेतली जाई ती तुरुंगांतून. सदरलँडचा आक्षेप असा होता की, जे लोक तुरुंगापर्यंत पोहोचतच नाहीत त्यांचे गुन्हे या हिशोबात येत नाहीत, म्हणून निष्कर्षच एकांगी ठरतो. प्रतिष्ठित आणि उच्च सामाजिक स्थान असलेल्या व्यक्तीने आपला व्यवसाय करीत असताना केलेला गुन्हा, अशी त्याची व्याख्या होती. पुढे त्याने अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांच्या कायदेभंगाचा अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला, पण बदनामीच्या दाव्यांच्या धास्तीने कंपन्यांची नावे गाळावी लागली. नावांसह तो मजकूर छापला गेला १९८३ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी. या गुन्ह्यांविषयी बोलणे किती अवघड असते, याची कल्पना एवढ्यावरूनही येते.

व्याख्येत दोन अटी आहेत : प्रतिष्ठा, आणि कामातून मिळालेला अधिकार. ओटीपी विचारणाऱ्या भामट्याकडे या दोन्ही गोष्टी नसतात; तो सायबर गुन्हेगार आहे. मात्र त्याला खातेदारांची यादी विकणारा बँक कर्मचारी या वर्गात निश्चित येतो, कारण ती यादी त्याच्या हाती नोकरीमुळे आलेली असते. आपल्याकडे भ्रष्टाचाराच्या प्रतिबंधाचा विचार करणाऱ्या संथानम समितीने १९६४ मध्ये अशा गुन्ह्यांकडे लक्ष वेधले आणि १९६६ मध्ये विधी आयोगाने आपल्या २९व्या अहवालात दंड संहितेच्या संदर्भात त्यांचा विचार केला. तरीही या नावाचे स्वतंत्र कलम आजही नाही. कंपनी कायदा, बँकिंग कायदा, औषध कायदा, करविषयक कायदे अशा वेगवेगळ्या कायद्यांत हे गुन्हे विखुरलेले आहेत.

आमच्या सोसायटीच्या ठेवी नागरी सहकारी बँकेत आहेत. पीएमसी बँकेचे प्रकरण वर्षानुवर्षे चालू होते म्हणतात. लेखापरीक्षक होते, संचालक मंडळ होते, रिझर्व्ह बँकेची तपासणी होती; मग कोणालाच कसे दिसले नाही? (सोसायटीचे खजिनदार, डोंबिवली)

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजेच पीएमसी, १९८४ मध्ये मुंबईत शीव येथे सुरू झाली. २०१९ पर्यंत तिच्या १३७ शाखा आणि सुमारे ११,६०० कोटी रुपयांच्या ठेवी झाल्या होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि सहा महिन्यांत प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असे दुसऱ्या दिवशी खातेदारांना कळले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, तरी १ लाखापर्यंत पोहोचायला जून २०२० उजाडला.

तपासातून पुढे आलेली हकिगत अशी : बँकेच्या सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी साधारण ६,५०० कोटी, म्हणजे ७३ टक्के, एचडीआयएल या बांधकाम कंपनीशी संबंधित खात्यांत गेले होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे नागरी बँकेला एका कर्जदाराला भांडवली निधीच्या १५ टक्के आणि एका उद्योगसमूहाला ४० टक्के एवढेच कर्ज देता येत होते. हा नियम केवळ मोडला असे म्हणणे अपुरे आहे. तो अस्तित्वातच नसल्यासारखा कारभार चालला होता. शिवाय ही कर्जे थकलेली होती. ती थकीत दाखवली असती तर बँकेचा ताळेबंद त्याच वर्षी कोसळला असता. म्हणून, आरोपानुसार, या समूहाची ४४ मोठी खाती रिझर्व्ह बँकेला पाठवलेल्या माहितीतून गाळली गेली आणि त्यांच्या जागी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली गेली.

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या संख्येत आहे. तपासनीस वेळेअभावी मोठी खाती आधी पाहतो, आणि छोट्या रकमांच्या हजारो खात्यांतून नमुन्यादाखल थोडी उघडतो. मोठे थकीत कर्ज लपवायचे असेल तर ते लहान लहान, वेळेवर फेडल्या जाणाऱ्या खात्यांच्या गर्दीत विखरून टाकणे, ही तपासणीची पद्धत नेमकी ओळखणाऱ्यालाच सुचेल अशी युक्ती आहे. समूहाची खरी खाती संगणकावर मोजक्याच कर्मचाऱ्यांना दिसत होती. वार्षिक अहवालात थकीत कर्जांचे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होते. सभासदांना लाभांश मिळत होता. सभेत प्रश्न विचारावा असे कोणाला वाटण्याचे कारणच राहिले नव्हते.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अप्रिय आहे. कर्ज मंजुरीवर, तारणाच्या मूल्यांकनावर, नूतनीकरणावर, लेखापरीक्षण अहवालावर आणि रिझर्व्ह बँकेला जाणाऱ्या विवरणपत्रावर कोणाची ना कोणाची सही लागते. या सगळ्या सह्या करणारे सगळेच कटात सामील असतात असे नाही. वरच्याने पाहिले असेल, खालच्याने तपासले असेल, या भरवशावर प्रत्येक जण पुढची सही करतो. पांढरपेशा गुन्ह्याचे हत्यार म्हणजे ही सहीच. घरफोडी करणाऱ्याला निदान कुलूप तरी तोडावे लागते. येथे कुलपाची किल्ली ज्यांच्या हाती विश्वासाने दिलेली असते, त्यांच्यातलेच कोणी तरी ते उघडते.

बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी निर्बंधांच्या सुमारास रिझर्व्ह बँकेला लिहिलेले पत्र गाजले. सुरुवातीच्या अडचणीच्या काळात या समूहाने भांडवल आणि ठेवी देऊन बँक तारली, आणि पुढे थकबाकी उघड केली असती तर बँकेच्या नावाला धक्का बसला असता, असा त्यातील सूर होता. म्हणजे बँकेच्या हितासाठीच हे केले, असे ते सांगणे होते. कृतज्ञता आणि संस्थेचे नाव या दोन्ही गोष्टी एरवी चांगल्या. येथे त्या ठेवीदारांच्या पैशाने जपल्या गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एचडीआयएल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि झाकलेले झाकून ठेवणे अशक्य झाले.

नियंत्रणातील दुभंगही कारणीभूत होता. नागरी बँकांवर बँकिंगपुरती रिझर्व्ह बँकेची आणि संस्था म्हणून सहकार निबंधकांची अशी दुहेरी देखरेख असे. २०२० च्या बँकिंग नियमन दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले.

अशा गुन्ह्यांत नुकसान पैशाचे होते, आणि तेही बहुधा पैसेवाल्यांचे. खून-दरोड्यांसारखा समाजावर परिणाम होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटते. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

आपल्या प्रश्नातील दोन्ही गृहीतके तपासून पाहू.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्यांना उपचाराचा भाग म्हणून ग्लिसरॉल दिले गेले होते, आणि त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या मृत्यूंची चौकशी केली. ती एका बाटलीपाशी थांबली नाही. औषध बनवणारा, पुरवठादार, खरेदी करणारे अधिकारी, औषध प्रशासन आणि रुग्णालयाचा कारभार यांच्यातील साखळीच आयोगाने उघडी केली. या साखळीत कोणीही शस्त्र उचलले नव्हते. परवाना, निविदा, चाचणी, पावती असे सारे कागदोपत्री झाले होते आणि त्या कागदांच्या शेवटी १४ माणसे मेली. पुढे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात हेच रसायन खोकल्याच्या औषधात आढळले आणि वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. भेसळीचे औषध, निकृष्ट सिमेंट, खोटा अग्निसुरक्षा दाखला ही सारी पांढरपेशा गुन्ह्यांचीच रूपे आहेत. त्यांत मारणारा आणि मरणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत, म्हणून त्यांना खून म्हणायला आपली जीभ रेटत नाही, इतकेच.

आता पैसेवाल्यांविषयी. पीएमसीच्या ठेवीदारांत गृहनिर्माण संस्था, पतसंस्था आणि इतर सहकारी बँकाही होत्या. संस्थेची एक ठेव अडकली की तिच्या पोटात शंभर घरांचा दुरुस्ती निधी अडकतो. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली. त्यापुढची वैयक्तिक ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत मिळेल, असे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या विमाबाह्य रकमेपैकी ८० टक्के रकमेचे मात्र १ टक्का लाभांशाच्या बेमुदत अग्रहक्क भागांत, म्हणजे परतफेडीची मुदतच नसलेल्या शेअरमध्ये, रूपांतर झाले. निवृत्तीनंतर मिळालेले २० लाख तेथे ठेवणाऱ्या साठीच्या माणसाच्या दृष्टीने दहा वर्षांनी मिळणारा पैसा, किंवा ज्या इमारतीला याच पावसाळ्यात गळती लागली आहे तिच्या दृष्टीने बेमुदत भाग, यांचा उपयोग काय, याचा आपणच विचार करावा. निर्बंधांच्या पहिल्या काही आठवड्यांत खातेदारांच्या मृत्यूच्या बातम्या सतत येत होत्या.

आणखी एक परिणाम असा की, ज्यांचे त्या बँकेत खातेच नव्हते त्यांनीही किंमत मोजली. ठेव विम्याचा निधी सर्व विमित बँकांच्या हप्त्यांतून उभा राहतो, आणि हा हप्ता एप्रिल २०२० पासून दर १०० रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १० पैशांवरून १२ पैसे झाला. वाढ क्षुल्लक वाटेल, परंतु अशा गुन्ह्यांचा भार समाजावर नेहमी असाच वाटला जातो : प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा की कोणी तक्रार करू नये. २००१ मध्ये शेअर दलाल केतन पारेख यांच्या प्रकरणात अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक बुडाली, तेव्हा तिच्यात ठेवी ठेवलेल्या गुजरातमधील अनेक नागरी बँकाही अडचणीत आल्या. शेअर बाजाराशी काडीचा संबंध नसलेल्या गावातल्या ठेवीदाराला मुंबईतील सट्ट्याचा फटका बसला तो असा.

सदरलँडनेही पैशाच्या नुकसानीपेक्षा विश्वासाची हानी मोठी मानली होती. ती मोजता येत नाही, पण पाहता मात्र येते. बँकेवरचा विश्वास उडालेला माणूस पैसे उशीखाली ठेवीत नाही. तो अधिक व्याज देणाऱ्या ओळखीच्या एजंटाकडे जातो, आणि पुढच्या घोटाळ्याचा ठेवीदार होतो.

पाकीटमार लगेच आत जातो, पण कोट्यवधी बुडवणारे जामिनावर फिरतात. कायदाच श्रीमंतांसाठी सौम्य आहे का? (एक वाचक, लातूर)

कायद्याचा मजकूर सौम्य नाही. भारतीय न्याय संहितेत घरातील चोरीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बँकर, व्यापारी किंवा लोकसेवक यांनी केलेल्या विश्वासघाताला मात्र जन्मठेपेपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४०९व्या कलमातही हीच तरतूद होती. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करून ती विकण्याची आणि विशेष न्यायालयाची सोय आहे.

अडचण सिद्ध करण्यात येते. पाकीट दुसऱ्याच्या खिशात सापडले की पुरावा पुरा होतो. बुडालेल्या कर्जात मात्र धंदा बसला की बसवला, हे ठरवावे लागते. हा भेद पुसून टाकावा असे मला वाटत नाही. प्रत्येक थकीत कर्ज हा गुन्हा मानला तर प्रामाणिक उद्योजकही तुरुंगात जाईल आणि कोणताही बँक अधिकारी कर्जावर सही करणार नाही. परंतु याच भेदाच्या आडोशाने वर्षे जातात. १९९२ च्या रोखे घोटाळ्यासाठी मुंबईत विशेष न्यायालय स्थापन झाले. त्यातील मुख्य आरोपी, शेअर दलाल हर्षद मेहता यांचा मृत्यू २००१ च्या अखेरीस झाला, तोवर त्यांच्यावरील बरेचसे खटले निकाली निघालेले नव्हते. त्यांच्या मालमत्तेचे वाद तर पुढे कित्येक वर्षे चालले.

म्हणून शिक्षा वाढवण्याच्या मागणीत मला फारसा अर्थ दिसत नाही. जन्मठेपेहून अधिक काय वाढवणार? हिशोबाचे जाणकार असलेले तपास अधिकारी, न्यायसाहाय्यक (फॉरेन्सिक) लेखापाल आणि खटला वर्षानुवर्षे न लांबवणारी न्यायालये यांची उणीव आहे, आणि त्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत.

मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. साहेब मागच्या तारखेची बिले नोंदवायला सांगतात. माझा त्यात एक पैशाचा फायदा नाही. उद्या काही झाले तर मी दोषी ठरेन का? (नाव देऊ नये, पुणे)

ठरू शकता, आणि हे मी आपल्याला घाबरवण्यासाठी सांगत नाही.

हैदराबादच्या सत्यम या संगणक सेवा कंपनीचे उदाहरण पाहा. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालकांना पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली रोख आणि बँकशिल्लक यांतील सुमारे ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. त्याच्या काहीच महिने आधी या कंपनीला उत्तम कंपनी कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १० जणांना दोषी ठरवले. त्यांत राजू आणि त्यांचे भाऊ होते, वित्तप्रमुख होते, अंतर्गत लेखापरीक्षणाचे प्रमुख आणि बाहेरचे दोन लेखापरीक्षक होते, पण त्यांच्याबरोबर वित्त विभागातील कर्मचारीही होते. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली. तरी सहा वर्षांच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे अध्यक्षाला जेवढे परवडते तेवढे लेखापालाला परवडत नाही.

कायदा काय म्हणतो? खोटे हिशोब लिहिण्याविषयीचे कलम, पूर्वीचे ४७७ अ आणि आताच्या न्याय संहितेतील ३४४, मुळात लिहिलेच आहे ते कारकून, अधिकारी किंवा नोकर यांना उद्देशून, आणि त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कंपनी कायद्याच्या ४४७व्या कलमातील कपटाच्या व्याख्येत कोणाचा फायदा किंवा नुकसान प्रत्यक्ष झालेच पाहिजे, अशी अट नाही. ‘साहेबांनी सांगितले’ हा बचाव शिक्षा ठरवताना विचारात घेतला जाईल, दोषमुक्तीसाठी तो पुरणार नाही.

मागच्या तारखेची प्रत्येक नोंद मात्र खोटी नसते. काम मार्चमध्ये झाले आणि बिल एप्रिलमध्ये आले, तर खर्च मार्चच्या हिशोबात धरणे योग्यच आहे. काम झालेच नसेल, किंवा बिलावरची तारीखच बदलली जात असेल, तर ती खोटी नोंद. आपण कोणत्या प्रकाराविषयी विचारता आहात, हे आपल्याला ठाऊक असेलच. तोंडी सूचना असेल तर ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक नोंद करावयाची आहे, तरी लेखी मान्यता द्यावी’ असा साधा ईमेल वरिष्ठांना पाठवावा. बहुतेक वेळा सूचना तेथेच विरते. कंपनी सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, असेल तर तक्रारीची गोपनीय व्यवस्था ठेवणे तिच्यावर बंधनकारक आहे. वैधानिक लेखापरीक्षकाला कपटाचा संशय आल्यास, रकमेनुसार केंद्र सरकारला किंवा संचालक मंडळाला, कळवावेच लागते. त्यामुळे त्याने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे हेही आपल्या संरक्षणाचेच साधन आहे. नोकरी जाण्याची भीती खरी आहे, ती मी नाकारीत नाही. म्हणूनच लेखी काही पाठवण्यापूर्वी कंपनीशी संबंध नसलेल्या वकिलाला एकदा भेटावे.

डोनाल्ड क्रेसी या सदरलँडच्या विद्यार्थ्याने तुरुंगातील अपहारकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांच्यापैकी अनेकांनी सुरुवात करताना आपण चोरी करतो आहोत असे मानलेलेच नव्हते. पैसे तात्पुरते घेतले आहेत, लवकरच परत भरू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ‘माझा त्यात एक पैशाचा फायदा नाही’ हे आपले वाक्य मला त्या जातीचे वाटते.

ठेव विमा ५ लाखांचा आहे, तर गावातील पतसंस्थेत ५ लाखांपर्यंत ठेवायला हरकत नाही ना? (शिक्षिका, संगमनेर)

हरकत आहे. ठेव विमा व कर्ज हमी महामंडळाचा विमा बँकांच्या ठेवींना असतो, त्यात नागरी सहकारी बँकाही येतात. पतसंस्था बँक नसतात आणि त्यांच्या ठेवींना हा विमा लागू नाही, मग कार्यालय कितीही मोठे असो आणि अध्यक्ष कितीही ओळखीचे असोत. बँकेतही ५ लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून, त्या बँकेच्या सर्व शाखांतील आपल्या नावावरच्या ठेवी एकत्र धरून मोजली जाते. तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवले म्हणून संरक्षण पंधरा लाखांचे होत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यापासून सर्वसाधारणपणे ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळते, पूर्वी त्यासाठी बँकेचा परवाना रद्द होण्याची वाट पाहावी लागे.

पतसंस्थेत ठेव ठेवायचीच असेल तर आधी तिचा वार्षिक अहवाल मागून घ्यावा. एकूण कर्जापैकी सर्वांत मोठ्या दहा-वीस कर्जदारांकडे किती रक्कम आहे, आणि संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना किती, हे दोन आकडे त्यात शोधावेत. ते अहवालात नसतील तर व्यवस्थापकांना लेखी विचारावेत, आणि लेखी उत्तर येईपर्यंत ठेवीची पावती करू नये.